दहावी सही

आमच्या माणसाचा विधानसभेचा अर्ज बाद झाला तो मास्तरांच्या चुकीने नव्हे, माझ्यामुळे. हे वाक्य मी गेल्या महिन्यात विहारात उभा राहून बोललो. ऐकायला पंचवीस-तीस माणसं होती. पण ज्यांनी मास्तरांची वर्षानुवर्षं थट्टा केली त्यांतली निम्मी आता भिलाईत नाहीत. कोणी निवृत्त होऊन गोंदियाकडे परतलं, कोणी मुलाकडे पुण्याला गेलं, काही तर राहिलीच नाहीत. त्यांच्या मुलांनी घरी ऐकलेली गोष्ट अजून तीच, चुकीची आहे. म्हणून ती कागदावर सरळ करून ठेवतो.

उमेदवार माझा मित्र. आम्ही दोघं एकाच गाडीने, कामाच्या शोधात, विदर्भातून इकडे आलो आणि एकाच प्लँटमध्ये लागलो. मी फिटर झालो, तो क्रेन ऑपरेटर. शॉपच्या, म्हणजे कामाच्या मोठ्या शेडच्या, छताखाली रुळांवर चालणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो तापलेलं लोखंड इकडून तिकडे नेई. वरून त्याला सगळी शॉप दिसे. कोण राबतो आणि कोण खांबाआड बसून बिडी ओढतो, हे त्याला फोरमनपेक्षा जास्त ठाऊक. शिफ्टभर वर एकटा बसायचा. खाली उतरला की शिफ्टभराचं बोलणं एकदम बाहेर यायचं.

त्या वर्षी निवडणूक लागली तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार आमच्या सेक्टरमध्ये येऊन हात जोडून गेले. दोघांनी आश्वासनं तीच दिली. दोघांच्या मागे झेंडे घेऊन फिरणारी पोरंसुद्धा बरीचशी तीच होती. कँटीनमध्ये यावर हसणं चाललं होतं. तेवढ्यात आमच्या शॉपमधला ठेकेदारीवरचा एक मजूर म्हणाला, की त्याच्या झोपडीचं छप्पर उडालं आहे आणि दोन दिवसांपासून लेकरं रेल्वेच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली आहेत. अठरा वर्षं तो आमच्या बरोबरीने राबत होता. मित्राने हातातला घास डब्यात परत ठेवला.

“अन् आपल्या टाउनशिपमंदी?” तो म्हणाला. “दर गल्लीत दोन-दोन क्वार्टर असे हायत का मालक गेला कोहक्याले नाई तं जुनवानीले, सोताच्या घरात. अन् क्वार्टरमंदी ठेवला मेव्हना. साहेब लोकाइले चोर म्हनता, मंग आपन कोन?”

“मंग तू उभा राह्य ना बे,” कोणीतरी टोमणा मारला.

“राहीन. भेतो का काय?”

“जमानत जप्त होईन.”

“होऊ दे. पंधरा दिवस माइकवर तं बोलाले भेटन. वरतं क्रेनवर कोन आयकते माहं?”

असा तो अपक्ष उमेदवार झाला. त्याची मागणी एकच. अडवून ठेवलेले कंपनीचे क्वार्टर मोकळे करा आणि ठेकेदारीवरच्या मजुरांना द्या. कँटीनमध्ये टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या, कारण कोहक्याला घर बांधून क्वार्टरमध्ये मेव्हणा ठेवणाऱ्यांपैकी एक मीच होतो, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

दीड वर्षापूर्वी आमचं कोहक्याचं घर पुरं झालं आणि बायको-मुलं तिकडे राहायला गेली. क्वार्टर तेव्हाच सोडायला हवा होता. पण मेव्हण्याची बिऱ्हाडाची अडचण होती, बायकोचा एकुलता भाऊ, आणि मलाही हातातलं सोडवेना. क्वार्टर दुसऱ्याला राहायला देणं नियमात बसत नव्हतं. चौकशी झाली असती तर चार्जशीट, तीही निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना. म्हणून मी रोज संध्याकाळी कोहक्याहून स्कूटरने क्वार्टरवर जायचो. बनियनवर दाराशी खुर्ची टाकून बसायचो, शेजाऱ्यांना मोठ्याने हाका मारायचो, माझी खाकी पँट तिथल्या दोरीवर वाळत घालायचो आणि अंधार पडला की परत. बायको म्हणायची, “दोन-दोन घरं हायत तुमाले, अन् एकातई टायमावर जेवाले सापडत नाई.”

कोहक्याला मतदार नोंदणीवाली बाई घरोघर आली तेव्हा बायकोने सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले. स्वतःच्या घराच्या पत्त्यावर नाव लागणं ही तिच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. मी सही केली. काही महिन्यांनी नवी कार्डं आली. टाउनशिपचा मतदारसंघ वेगळा आणि कोहक्याचा वेगळा. तिकडे नाव लागलं म्हणजे इकडचं गेलं. हे मला चांगलं समजत होतं. समजलं नव्हतं असं आज मी म्हणणार नाही.

मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एका प्रस्तावकाची सही पुरते. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. मित्राला वाटलं होतं, दहा सह्या म्हणजे दहा मिनिटांचं काम. भाषणाला शंभर टाळ्या मिळाल्या, पण सही म्हटलं की लोकांना सुट्टीचा अर्ज, प्रमोशन, मुलीचं लग्न, असं काय काय आठवायला लागलं. नऊ झाल्या. दहावा आमच्यातलाच एक भट्टीवाला होता. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याने निरोप पाठवला की सासऱ्याची तब्येत बिघडली, गावी चाललो.

अर्ज लिहिण्याचं काम मास्तरांकडे होतं. मास्तर रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशन मास्तर, नागपूरकडचे. दुर्ग लाइनवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांनी सगळी नोकरी केली. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. राहायला दुर्गात, मोहन नगरला, पण दर रविवारी आमच्या विहारात यायचे. विहाराचं रजिस्टर, कोणाचा पेन्शनचा फॉर्म, कोणाच्या मुलीचा जातीचा दाखला, सगळं लिखाण त्यांच्या हातचं.

त्यांची लिहायची एक रीत होती. गाडी सोडण्याआधी दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर एकमेकांना एक नंबर देतात. ऐकणारा तो नंबर पुन्हा म्हणून दाखवतो, सांगणारा ‘बरोबर’ म्हणतो, आणि मगच तो वहीत चढतो. मास्तर म्हणायचे, पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, पण त्याने बरोबर म्हटलं की हजार माणसांची गाडी त्याच्या शब्दावर सुटते. चाळीस वर्षांत त्यांचा एकही नंबर चुकला नव्हता. ही एकच गोष्ट ते स्वतःबद्दल सांगायचे, बाकी स्वतःबद्दल काही नाही. प्रस्तावकांचे नंबरही ते तसेच घेत होते. मतदार यादीतला भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक प्रत्येकाने तोंडाने सांगायचा, मास्तर म्हणून दाखवणार, मग लिहिणार.

त्या दिवशी एक वाजत आला होता आणि तीनपर्यंत दुर्गला कलेक्टर ऑफिसात अर्ज पोचायला हवा होता. मित्र विहाराच्या ओट्यावर येरझारा घालत होता. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अबे, हा हाय ना! आपल्याच सेक्टरचा मतदार. मी बी पागल, सगळ्या दुनियेले विचारून राहिलो अन् घरचा मानूस सुचला नाई. ये, लेका, बस.”

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की माझं नाव आता कोहक्याच्या यादीत आहे. सेक्टरमधून दुसरा एखादा माणूस अर्ध्या तासात मिळालाही असता. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. कोहक्याला कावून? आणि तो प्रश्न विचारणारा माणूस याच गोष्टीवर निवडणूक लढवत होता. ओट्यावर सातआठ जण उभे होते. मी बसलो.

पाकिटात मागच्या निवडणुकीची मतदार चिठ्ठी होती. ती पाहून मी नंबर वाचला. “भाग अठ्ठ्याऐंशी, अनुक्रमांक चारशे बारा.”

“भाग आठ-आठ, अनुक्रमांक चार-एक-दोन,” मास्तर म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर.”

त्यांनी पेन टेकवला, मग उचलला. “तुह्या भागाची नवी यादी माह्याजवळ नाई. चिठ्ठी दाखव बरं.”

चिठ्ठी तोवर मी खिशात घातली होती. “मास्तर, आता माह्यावर भरोसा नाई का तुमचा?”

“भरोशाचं नाई रे, रीत असते.”

“मास्तरजी, दीड वाजून राहिला!” मित्र ओरडला.

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. मी सही केली. ते निघाल्यावर मी मनाशी म्हटलं, कोण तपासतो? आणि तपासलं तर बघता येईल.

शेवटच्या दिवसाच्या गर्दीत अर्ज घेतला गेला. दुसऱ्या दिवशी छाननी होती. मी शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळीच प्लँटमध्ये शिरलो. मोबाइल लॉकरमध्ये ठेवला. दुपारी बाहेर आलो तेव्हा मित्राचे अकरा मिस्ड कॉल होते. मी फोन केला नाही.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. भाग अठ्ठ्याऐंशी, चारशे बारावर कुणा तेलुगू बाईचं नाव निघालं. अधिकाऱ्याने तीनपर्यंत वेळ दिला, की प्रस्तावकाचं नाव यादीत कुठे आहे ते दाखवा. मास्तर आणि मित्र त्या भागाची पानं उलटत बसले. नाव सापडेना. भागच चुकला असेल म्हणून आणखी दोन-तीन भाग पाहिले. टाउनशिपचे सगळे भाग पाहायला दिवस पुरला नसता. आणि पुरला असता तरी नाव तिथे नव्हतंच. तीन वाजता अर्ज बाद झाला.

पुढे बरीच वर्षं मी एक हिशोब धरून बसलो होतो. त्या दिवशी मी मित्राला फोन केला असता तरी अर्ज बादच झाला असता, मग न करून मी वेगळं काय बिघडवलं? हिशोब बरोबर होता. म्हणूनच तो मला सोयीचा होता. कारण खरं पाप त्या फोनचं नव्हतंच. ते संध्याकाळी घडलं.

संध्याकाळी विहारात सगळे जमले. कोणी उमेदवाराला पाणी देत होतं, कोणी अधिकाऱ्याला शिव्या. मित्र भिंतीला टेकून बसला होता. त्याने ध्वनिक्षेपकाची गाडी सांगून ठेवली होती, निशाणी शिडी मिळेल की शिट्टी यावर आठ दिवस वाद घातले होते. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“पन नंबर चुकला कसा?” कोणीतरी विचारलं. “लिवला कोनं?”

“मी लिवला,” मास्तर म्हणाले. “यानं सांगितला तोच लिवला. म्हनून बी दाखवला. विचारा त्याले.”

सगळे माझ्याकडे वळले. मास्तर माझ्याकडे अगदी निश्चिंतपणे पाहत होते. त्यांना उत्तर माहीतच होतं.

मी म्हणालो, “मी तं बरोबर सांगितला होता, मास्तर. लिवतानी चुकला असन तुमच्याकडून. वय झालं आता.”

मास्तर म्हणाले, “चिठ्ठी दाखव.”

“घरी हाय. उद्या आनतो.”

चिठ्ठी मी दुपारीच फाडून टाकली होती. पण उद्या कोणी मागितलीच नाही, कारण तोवर एका तरण्या पोराने म्हटलं, “मास्तरजी, गाडी भिडवून देली ना तुमी!” आणि त्या सगळ्या रागात लोक हसले. हसायला मिळालं म्हणून बरं वाटलं असावं त्यांना. मास्तर उठले. पेन खिशाला लावला, रजिस्टर टेबलावर ठेवलं, चप्पल घातली आणि गेले.

ते वाक्य चिकटलं. कोणाचा टेलिफोन नंबर चुकला, कोणाची बस चुकली, की “मास्तरनं भिडवली”. लग्नाच्या पंगतीत, पेन्शनच्या रांगेत, कुठेही. मास्तर विहारात येत राहिले, पण मागे बसायचे आणि वंदना झाली की निघायचे. फॉर्म घेऊन कोणी गेलं तर म्हणायचे, दुसऱ्याकडून भरून घे बापा.

मी निवृत्त झालो आणि गुपचूप क्वार्टरची चावी जमा करून आलो. ज्या चौकशीला मी भ्यालो ती कधी झालीच नाही. कारकुनाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्या चावीसाठी मी एका माणसाचं नाव घालवलं होतं. त्यानंतर दर निवडणुकीला वर्तमानपत्रात उमेदवारांची यादी आली की मी खालची, अपक्षांची नावं वाचायचो आणि पान उलटायचो. मित्र पुन्हा उभा राहिला नाही. निवृत्तीनंतर तो मुलाकडे जुनवानीला गेला. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिने एकदाच म्हटलं, “सांगून टाका, नाई तं वंदना म्हनू नका.” मी वंदना म्हणत राहिलो, त्यातल्या खोटं न बोलण्याच्या शीलासकट.

यंदा मतदार यादीची मोठी फेरतपासणी निघाली. घरोघर फॉर्म आले. त्यात जुन्या यादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून लिहायचा होता. एक दिवस मास्तरांच्या सुनेचा फोन आला. ती त्यांना मामाजी म्हणते.

“काकाजी, जरा येऊन जाता का? मामाजी फॉर्म भरूनच नाई राहिले. ये बोलते हैं कि मी हात नाई लावत. नाव कटलं तर?”

मी मोहन नगरला गेलो. मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुर्चीत बसले होते, समोर कोरा फॉर्म, जुन्या यादीचं छापील पानही शेजारी. सगळं तयार होतं, फक्त लिहायचं होतं.

“तूच लिव,” ते म्हणाले. “माह्या हातून नंबर चुकते.”

मी हसण्यावारी न्यायला पाहिलं. “काय मास्तर, तुमच्या हातून?”

“नाई रे. खरं सांगतो.” ते हळूहळू बोलत होते. “पयले मले राग यायचा. मी मनात म्हनो, मी बरोबर लिवला, हा खोटं बोलून राहिला. तुले शिव्या बी देल्या मनातल्या मनात. पन आता इतके दिवस झाले. तू कावून खोटं बोलशीन? तुले काय भेटनार होतं? मीच चुकलो असन.” थोडं थांबून म्हणाले, “अन् तिथं चुकलो तं लाइनवर कितीदा चुकलो असन? झोप येत नाई तेव्हा एक-एक स्टेशन आठवतो. लोकाइच्या नशिबानं वाचल्या असन गाड्या.”

मी फॉर्म खाली ठेवला. आजवर मला वाटायचं, मी त्यांचं विहारातलं नाव घालवलं. ते तर होतंच. पण हा माणूस आता स्वतःच्या चाळीस वर्षांवर शंका घेत बसला होता. एकही गाडी भिडली नव्हती, आणि तो न घडलेले अपघात मोजत होता.

मी सांगून टाकलं. कोहक्याचं घर, मेव्हणा, दोरीवरची पँट, नवं कार्ड, खिशात घातलेली जुनी चिठ्ठी. खाली मान घालून सगळं सांगितलं. सून चहा घेऊन दारात उभी राहिली होती ती तशीच राहिली.

मास्तरांनी पहिला प्रश्न काय विचारला? “नंबर कोनता सांगितला होता तू?”

“भाग अठ्ठ्याऐंशी, चारशे बारा.”

“अन् मी कोनता लिवला?”

“तोच. अठ्ठ्याऐंशी, चारशे बारा.”

“तोच?”

“तोच, मास्तर. तुमचं काईच चुकलं नाई.”

ते मागे टेकले. इतका मोठा श्वास सोडला की सून घाबरून पुढे आली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. “आयकलं का गं?” ते तिला म्हणाले. “चार-एक-दोनच होता. मी म्हनत होतो ना तुह्या सासूले! मेली बिचारी, पन तिनं शेवटपर्यंत मानलं का मी चुकलो नाई.”

राग त्यानंतर आला, आणि तो चांगला सणसणीत आला. “अन् तू? भोगत बसला मी, अन् तू समोर बसून बुंदी खात होता दर पौर्णिमेले! लाज नाई वाटली बे तुले?”

“मामाजी, बीपी,” सून म्हणाली.

“राहू दे बीपी!” मग माझ्याकडे वळून, “मले एकट्याले सांगून काय फायदा? मले तं माहीतच होतं कधीतरी. जिथं बोलला तिथं जाऊन बोल. सगळ्याइच्या समोर. रविवारी. मी येतो आयकाले.”

मी होय म्हणालो. परतताना स्कूटर चालवत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे. शिव्या खाऊन आलेला माणूस! पण खरंच, त्या शिव्या कानाला फार बऱ्या लागल्या होत्या. इतकी वर्षं त्या माझ्या नावाने लिहिलेल्या होत्या, पोचल्या आज.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. मित्राला मी फोन करून जुनवानीहून बोलावलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मीच आलो नसतो. मास्तर सुनेचा हात धरून आले आणि मागे, त्यांच्या रोजच्या जागी बसले. मी बोललो. वाक्यं लहान केली होती, पाठ करून आलो होतो. नाव माझं इथल्या यादीत नव्हतं. मला ते माहीत होतं. नंबर मी खोटा दिला. मास्तरांनी बरोबर लिहिला. मग मी त्यांच्यावर ढकललं.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “इतके दिवस कसं पचलं रे तुले?” मी म्हटलं, “नाई पचलं, आजी.”

मित्र उठला. त्याला चालायला आता काठी लागते. जवळ येऊन माझ्याकडे पाहत राहिला.

“म्हंजे मी ज्याच्यावर भाषन ठोकून राहिलो होतो तो तूच? अन् माहा प्रस्तावक बी तूच?”

“हो.”

त्याला हसू फुटलं. हसता हसता खोकला लागला, कोणी पाणी दिलं. “अरे, असा उमेदवार साऱ्या छत्तीसगडात झाला नसन!” आजूबाजूचे हसायला लागले. मग तो थांबला आणि हसू ओसरल्यावर म्हणाला, “चाळीस मतं भेटली असती मले. लय झाले तं पन्नास. पन ती माही असती, लेका.” तो मास्तरांकडे गेला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “मास्तर, मी बी हसलो होतो त्या दिवशी. मनातून. माफ करा.”

“तुहं काय,” मास्तर म्हणाले. “तुले कोन सांगनार होतं?”

बाहेर ओट्यावर चहा झाला. मित्राने माझ्या पेल्यातला अर्धा चहा स्वतःच्या पेल्यात ओतून घेतला आणि पुढच्या रविवारी जुनवानीला जेवायला ये म्हणाला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” जेवलो आणि भर दुपारी तीन तास झोपलो. मला दुपारी झोप लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

त्याच्या पुढच्या रविवारी विहारात गेलो तर ओट्यावर रांग लागलेली. फेरतपासणीच्या फॉर्मची मुदत संपत आली होती आणि लोक फॉर्म घेऊन उभे होते. टेबलाशी मास्तर. सुनेने उशी आणून दिलेली, डोळ्यांवर चष्मा, हाताखाली कार्बन पेपर. कोणी नंबर सांगे, मास्तर म्हणून दाखवत, ‘बरोबर’ ऐकलं की लिहीत. “गाडी भिडवली” म्हणणारा तो तरणा पोरगा आता टकला झाला आहे, तोही नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभा होता.

माझाही फॉर्म भरायचा राहिला होता. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली.

“भाग आनि अनुक्रमांक?” मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितला. कोहक्याचा, खरा.

त्यांनी मान वर केली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवला.

“यादीचा कागद कुठं हाय?”

“घरी हाय, मास्तर. पन पाठ हाय मले.”

“बाकीच्याइचं तोंडी चालते,” ते म्हणाले. “तुहं नाई चालत. जाय, कागद घेऊन ये.”

मागे सगळे हसले. मीही हसलो. मी स्कूटर काढली आणि कागद आणायला कोहक्याला निघालो. ऊन चांगलंच चढलं होतं, जाऊन येऊन पाऊण तास मोडणार होता, आणि मला कसलीच घाई नव्हती.